‘घालू का पैसे?’

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे हळदीकुंकू होते. बाहेरच्या खोलीत बायकांची दाटी, तिळगुळाची ताटली फिरत होती, वाण म्हणून काकूंनी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. मी निघाले, तशी काकूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले आणि आवाज खाली आणून विचारले,

"तू लिहितेस, वाचतेस. सांग ना, त्या योजनेत घालू का पैसे? महिन्याला शेकडा पाच देतात म्हणे."

योजना कोणती, ते मला ठाऊक होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गेले दोन महिने तिचे गुणगान करत होत्या. त्या त्या वेळी बाहेरच बसल्या होत्या. त्यांच्यामाघारी त्यांच्याबद्दल काही बोलायचे म्हणजे शेजारधर्माला सोडून झाले असते. महिन्याला शेकडा पाच हे ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली, नाही असे नाही. पण मी म्हटले,

"काकू, तुमचा विश्वास असेल तर बघा बाई."

वाचकहो, हे वाक्य मी तेव्हा किती सहज बोलून गेले! आज त्याच वाक्याची गोष्ट सांगायची आहे.

आमची सोसायटी डोंबिवलीतली. तीन विंग, एक पाण्याचा पंप, आणि भांडायला पार्किंगची जागा. नोकरदार माणसे, निवृत्त माणसे, दोन-चार छोटे व्यापारी. काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा पुण्याला, त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज. काकूंच्या हाताशी यजमानांच्या फंडातून उरलेले तीन लाख रुपये होते. आजारपणाला, अडीअडचणीला म्हणून जपून ठेवलेले.

काकूंनी एकदम सगळे पैसे घातले नाहीत. त्या काही वेडगळ नव्हेत. आधी एक लाख घालून पाहिले. दर महिन्याच्या पाच तारखेला पाच हजार रुपये घरपोच येऊ लागले. चार महिने आले. पाचव्या महिन्यात काकूंनी उरलेले दोन लाखही भरले. मग महिन्याला पंधरा हजार! काकूंनी नातवाला सायकल घेतली, देवघरातली समई बदलली. असे तीन महिने गेले. चौथ्या महिन्यात पाच तारीख उलटली, दहा उलटली. वहिनी म्हणाल्या, "संगणकात काही बिघाड झालाय." वीस तारखेला वहिनी स्वतःच त्या कार्यालयावर गेल्या, तर शटर खाली आणि बाहेर दीडशे माणसे उभी.

मला हे सारे चार महिन्यांनी कळले, आणि तेही काकूंनी सांगितले नाही. एके दिवशी औषधांच्या दुकानात त्या माझ्यापुढे उभ्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मागितली आणि म्हणाल्या, "अर्धीच दे रे. पुढच्या आठवड्यात बाकीच्या नेते." त्यांनी वर्तमानपत्र बंद केले होते, दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणले होते. मुलाला मात्र पत्ता नव्हता. "तो काय म्हणेल? एवढी शिकलेली माणसे आजूबाजूला असताना आईला अक्कल नाही, असेच ना?"

पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठी होती ती लाज. लाजेपायी माणूस गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याने शेजारचा दुसरा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. पुढे कळले, आमच्या तीन विंगांत मिळून अकरा घरांचे पैसे त्या योजनेत अडकले होते. अकरा घरे एकाच जिन्याने चढत-उतरत होती आणि कोणी कोणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे काय झाले, तेही सांगायला हवे. आणलेल्या प्रत्येक लाखामागे त्यांना दोन हजार मिळत होते. पण त्यांनी स्वतःच्या चार बांगड्या आणि मंगळसूत्र मोडूनही पैसे घातले होते. त्यांनाही फसवलेच गेले होते. तरी त्या जिन्यात दिसल्या की बायका तोंड फिरवून घेत. दळण आणायला त्या रात्री नऊला जाऊ लागल्या.

सी विंगमध्ये एक आजोबा राहतात. एका बँकेत छत्तीस वर्षे कॅशियर, शेवटी हेड कॅशियर होऊन निवृत्त झाले. हा सारा प्रकार कळल्यावर ते एका संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात आले आणि सेक्रेटरींना म्हणाले, "बुधवारी दुपारी चार ते पाच हा हॉल मला द्या. पंखा आणि सतरंजी एवढे पुरे. फळा आमच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई देतील."

पहिल्या बुधवारी सात बायका आणि एक गृहस्थ आले. गृहस्थ बायकोला सोडायला आले होते, ते तिथेच बसले.

आजोबांनी फळ्यावर ७२ हा आकडा लिहिला.

"हा आकडा पाठ करा. व्याजाच्या दराने ७२ ला भागा, म्हणजे पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते निघते. बँक सात टक्के देत असेल तर?"

"दहा वर्षे," शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या.

"दहाला थोडी जास्त. आता महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाचे किती?"

हॉलमध्ये शांतता. "साठ," कोणीतरी हळूच म्हणाले.

"म्हणजे सव्वा वर्षात दुप्पट! आता मला सांगा, ज्या धंदेवाल्याला वर्षाला साठ टक्के देणे परवडते, तो तुमच्या दारात कशाला येतो? बँक त्याला त्याच्या पाव दरात कर्ज देईल. तो बँकेत का जात नाही?"

याचे उत्तर कोणालाच द्यावे लागले नाही. बँक कागद मागते. धंदा दाखवा, ताळेबंद दाखवा, तारण दाखवा म्हणते. आपण यातले काही मागत नाही. आपण चहा देतो.

मग आजोबांनी आणखी एक हिशेब मांडला. एका डब्यात एक लाख रुपये ठेवले आणि त्यातून महिन्याला पाच हजार काढत गेलो, तर डबा वीस महिने चालतो. कोणताही धंदा न करता! "पहिले काही महिने जे व्याज म्हणून हातात पडते, ते तुमचेच पैसे असतात. तुमचे संपत आले की मागून येणाऱ्याचे. मागून येणारे थांबले की शटर खाली."

त्या दिवशी काकू आल्या नव्हत्या. पण खिडकी उघडी होती आणि त्यांचे घर हॉलला लागून आहे.

दुसऱ्या बुधवारी आजोबांनी सगळ्यांना ठेवींच्या पावत्या आणायला सांगितले होते. रक्कम दाखवायची नाही, त्यावर बोट ठेवायचे. पाहायचे ते पावती देणाऱ्याचे नाव. पावत्या निघाल्या आणि लक्षात आले की आपण ज्याला सरसकट ‘बँक’ म्हणतो, त्यात चार निरनिराळ्या जाती आहेत. कोणाची पावती सरकारी बँकेची, कोणाची सहकारी बँकेची, कोणाची पतपेढीची, तर कोणाची एका कंपनीची.

"बँक बुडाली तर पैसे कोण देते?" आजोबांनी विचारले.

"सरकार," तिघींनी एकदम सांगितले.

"सरकार नव्हे, विमा. आणि तो प्रत्येक ठिकाणी नाही."

ही गोष्ट मलाही नीटशी माहीत नव्हती, म्हणून सविस्तर देते. १९६० साली केरळमधली पलई सेंट्रल बँक बुडाली. त्याच वर्षी लक्ष्मी बँकही गेली. हजारो ठेवीदार उघड्यावर पडले, तेव्हा १९६२ च्या जानेवारीपासून आपल्या देशात ठेवींना विमा मिळू लागला. सुरुवातीला हे संरक्षण माणशी अवघे १,५०० रुपयांचे होते. वाढत वाढत १९९३ साली ते १ लाखावर आले आणि तिथेच सव्वीस वर्षे थांबले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. आरंभी खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. मुंबईत म्हातारी माणसे रस्त्यावर येऊन रडताना साऱ्या देशाने पाहिली. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली.

आता यातल्या खाचाखोचा. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून आहेत. ते प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे आहेत, प्रत्येक शाखेमागे नाहीत. आमच्या बी विंगमधल्या ताईंनी सुरक्षित राहावे म्हणून एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवी विभागल्या होत्या. आजोबा म्हणाले, "ताई, दोन दारे, पण घर एकच." व्यापारी बँका आणि सहकारी बँका यांच्या ठेवींना हा विमा लागू आहे. पतपेढीच्या, म्हणजे सहकारी पतसंस्थेच्या, ठेवींना तो लागू नाही. पाटीवर ‘सहकारी’ शब्द दोन्हीकडे असतो, पण एक बँक असते आणि दुसरी नसते. पतसंस्था वाईटच असते असे मुळीच नव्हे. कित्येक गावांत तिनेच माणसांना सावकारातून सोडवले आहे. पण तिथे पैसे ठेवताना या विम्याचे छत्र डोक्यावर नाही, एवढे ठाऊक असायला हवे.

आणि काकूंना हवे होते ते काय? दरमहा हातात काही यावे एवढेच. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना नेमकी त्यासाठीच आहे. एका नावावर ९ लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दरमहा मिळते आणि हमी केंद्र सरकारची. साठी उलटलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिचे व्याज दर तीन महिन्यांनी येते. पोस्ट आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर आहे. पण पोस्टाचा माणूस दारात येऊन, सोफ्यावर बसून, नातवाची चौकशी करून जात नाही.

तिसऱ्या बुधवारी विषय होता कर्जाचा. त्या दिवशी आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी हॉलच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काम आटोपून निघाल्या होत्या, फळा पाहून थांबल्या. आजोबांनी ते पाहिले. "आत या, बसा. कर्ज सगळ्यांनाच असते." मावशी आत आल्या, पण सतरंजीच्या अगदी कडेला बसल्या.

आजोबांनी उदाहरण घातले. २४,००० रुपयांचे धुलाईयंत्र हप्त्यांवर घेतले. दुकानदार म्हणतो, फक्त बारा टक्के व्याज, वर्षभरात फेडा. व्याज किती?

शिकवणीवाल्या बाई वही उघडेपर्यंत मावशी म्हणाल्या, "दोन हजार आठशे ऐंशी. हप्ता दोन हजार दोनशे चाळीस."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मावशी चौथीपर्यंतही शिकलेल्या नाहीत.

"बरोबर," आजोबा म्हणाले, "आता खोच कुठे आहे?"

मावशीच पुन्हा म्हणाल्या, "सहा महिन्यांनी माझं निम्मं फिटलं की हो. तरी व्याज सगळ्या चोवीस हजारांवर घेतोय की तो."

हेच ते. कर्ज दर महिन्याला कमी होत जाते, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर लावलेले असते. शिल्लक रकमेवर हिशेब केला, तर हे बारा टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात एकवीस-बावीस टक्क्यांना पडते. म्हणून ‘दर किती’ एवढेच विचारून भागत नाही. ‘घटत्या शिलकीवर की मूळ रकमेवर’, हे विचारावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर सांगणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे आहे. ते पत्रक मागून घ्या आणि सही करण्याआधी वाचा.

मावशींचा तो तोंडी हिशेब ऐकून मला म्हसवडची आठवण झाली. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले हे गाव. तिथल्या कष्टकरी बायकांना रोजच्या कमाईतले चार पैसे ठेवायला बँक हवी होती. चेतना सिन्हा यांनी त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो नाकारला गेला, कारण संस्थापक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. चेतनाताई निराश होऊन परतल्या, पण बायका म्हणाल्या, त्यात काय, शिकू. दिवसभर राबून रात्री त्या अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या, तेव्हा त्यांनी साहेबांनाच आव्हान दिले. आम्हाला लिहिता येत नाही, कारण आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती. पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेवरचे व्याज आम्हाला विचारा, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, आणि बघा कोण आधी सांगतो ते. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याआधी तेवीस वर्षे, १९७४ साली, अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांच्या पुढाकाराने चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन ‘सेवा’ची बँक काढली होती, तीही अशीच.

ही उदाहरणे देते ती एवढ्याचसाठी, की हिशेब आपल्या बायकांना येतो. घर चालवणारी कोणतीही बाई अर्थमंत्रीच असते. अडते ते दुसरीकडे. मोठ्या रकमेचा कागद समोर आला की आपण म्हणतो, ‘ह्यांना विचारते’, ‘मुलाला विचारते’. आणि ‘हे’ म्हणतात, ‘ऑफिसात सगळ्यांनी घेतलंय’. विचारायचे ते कोणीच विचारत नाही.

चौथ्या बुधवारी आजोबा विद्यार्थी झाले. ए विंगमधली कॉलेजात जाणारी मुलगी शिकवायला आली. विषय, मोबाईलवरचे पैसे. तिने एकच वाक्य सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतले: "पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो." कोणी म्हणाले, तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका, तर समजावे की पैसे येत नसून चालले आहेत. पोलीस किंवा सीबीआयचा माणूस असल्याचे सांगून कोणी व्हिडिओवर ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणाला, तर फोन सरळ ठेवून द्यावा. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. आणि पैसे गेलेच, तर रडत बसू नये, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पाचव्या बुधवारी काकू आल्या.

कोणी बोलावले नव्हते. हातात रुमाल, त्यात योजनेच्या तीन पावत्या. मागच्या ओळीत बसल्या. आजोबा वारसनोंदीबद्दल सांगत होते. काकू मध्येच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काही सांगायचंय." मग त्यांनी सगळे सांगितले. पहिले एक लाख, मग दोन, सायकल, समई, अर्धी पट्टी. आकडा लपवला नाही. आजोबांनी फळ्यावर बेरीज केली: दिले तीन लाख, परत आले पासष्ट हजार, गेले दोन लाख पस्तीस हजार. फळ्यावर तो आकडा पाहून काकू म्हणाल्या, "इतके दिवस मी हा हिशेबच केला नव्हता. भीती वाटत होती."

त्या बोलल्या, तशी पलीकडची एक ताई बोलली. मग एक गृहस्थ. एका तासात अकरापैकी सात घरे बोलली. आणि मग सर्वांच्या लक्षात आले की दाराबाहेर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या आहेत.

कोणी काही म्हणण्याआधी काकू म्हणाल्या, "ये. तुझ्या बांगड्यांचं पण सांग."

वहिनी तिथेच पायरीवर बसून रडल्या. त्या दिवशी वर्ग तसाच संपला.

पुढच्या आठवड्यात सगळे मिळून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत गेले. वहिनीही गेल्या. कोणाकडून किती घेतले आणि कुठे भरले, याची त्यांनी वहीत लिहिलेली यादी सगळ्यात उपयोगी पडली. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. पैसे बुडवणाऱ्याची मालमत्ता त्यात जप्त करता येते. २०१३ साली बंगालमध्ये शारदा समूह कोसळल्यानंतर साऱ्या देशासाठी कायद्याची गरज तीव्रतेने जाणवली आणि २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. खोटे असल्याचे ठाऊक असून आमिष दाखवणे आणि लोकांना पैसे भरायला लावणे, हाही त्यात गुन्हा आहे. तेव्हा ‘मी फक्त ओळख करून दिली’ म्हणून हात झटकता येतीलच असे नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना योजना सुचवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काकूंचे पैसे अजून मिळालेले नाहीत. खटला चालू आहे. काकूंनी मुलाला मात्र सांगितले. तो रागावला, दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुण्याहून येऊन आईच्या गोळ्या भरून गेला.

आमचा बुधवार आता दीड वर्षाचा झाला. वारसनोंदीचे राहिलेले प्रकरण आजोबांनी पुढे दोन बुधवार घेतले. त्यातले मुख्य एवढेच सांगते: ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले, तो पैसे हातात घेतो, पण तेवढ्याने मालक होत नाही; मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. म्हणून नॉमिनेशनही करावे आणि मृत्युपत्रही. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँकेतल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क संपत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर त्या शोधता येतात. आमच्या सोसायटीत एकीला सासऱ्यांची विसरलेली ठेव अशी सापडली. रक्कम फार नव्हती, पण त्या दिवशी पेढे वाटले गेले.

हे सारे डोंबिवलीतच होते असे नाही. तुम्ही इंदूरला असाल, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादला; तुमच्याही आळीत एक निवृत्त बँकवाला, एक शाळामास्तरीण आणि मोबाईल जाणणारी एक मुलगी असतेच. नसेल, तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे वित्तीय साक्षरता केंद्र असते. तिथे गेल्यास माहिती देणारी माणसे विनामूल्य येतात. आम्ही आमच्या अनुभवातून तीन नियम केले आहेत. पहिला, शिकवणाऱ्याने काहीही विकायचे नाही. विमा नाही, फंड नाही, भिशीसुद्धा नाही. काही विकायला आलेला माणूस कितीही छान बोलला, तरी तो वर्ग नव्हे, दुकान. दुसरा, कोणाचा आकडा हॉलच्या बाहेर न्यायचा नाही. तिसरा, कोणाच्याही चुकीला हसायचे नाही. हा तिसरा नियम मोडला, तर पुढच्या बुधवारी सतरंजी रिकामी राहील.

सोसायटीच्या सूचनाफलकावर आता एक कागद कायमचा लावला आहे. त्यावर पाच प्रश्न आहेत:

१. पैसे घेणाऱ्यावर देखरेख कोणाची? रिझर्व्ह बँक, सेबी, विमा प्राधिकरण की सहकार निबंधक? तोंडी नको, नोंदणी दाखवा. संशय आला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहा.

२. एवढे व्याज कोणत्या धंद्यातून येणार?

३. पैसे परत कधी आणि कसे मिळणार, हे कागदावर लिहिले आहे का?

४. बुडाले, तर कोण भरून देणार, आणि किती?

५. हे मला सांगणाऱ्याला यात काय मिळते?

पाचवा प्रश्न वहिनींनी सुचवला. "मला हा कोणी विचारला असता, तर मी खरं सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलाच नाही."

गेल्या महिन्यात सोन्याची काहीतरी योजना घेऊन एक तरुण आला होता. शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणे गोड. काकूंनी त्याला दार उघडले, पाणी दिले, आणि फलकाजवळ नेऊन उभे केले. "हे पाच वाच आणि एकेकाचं उत्तर दे." दुसऱ्या प्रश्नाला त्याला एक फोन आला आणि तो बोलत बोलत फाटकाबाहेर गेला.

काकू हे मला हसत हसत सांगत होत्या. मग थांबून म्हणाल्या, "एक विचारू? त्या संक्रांतीला तुला कळलं होतं ना, की यात काही खरं नाही?"

मी म्हटले, "संशय आला होता, काकू."

"मग बोलली का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वहिनी बाहेर बसल्या होत्या, म्हणून? दुसऱ्याच्या पैशांत आपण कशाला बोलायचे, म्हणून? वाईटपणा नको, म्हणून? त्या वेळी मी बोलले असते, तर काकूंना राग आला असता, वहिनींना आला असता. चार दिवसांत तो गेलाही असता.

ही योजना परक्याच्या पावलांनी आमच्या घरात आलीच नव्हती. ती ओळखीच्या उंबऱ्यावरून, हळदीकुंकवाला, जिन्यात, भाजी निवडताना आली होती. म्हणून तिला अडवायचे शहाणपणही तिथेच जागे असायला हवे. तुमच्या शेजारची कोणी काकू उद्या तुम्हाला स्वयंपाकघरात नेऊन, आवाज खाली आणून विचारील, ‘घालू का पैसे?’ तेव्हा कृपा करून माझ्यासारखे गोड बोलू नका. आवाज थोडा वर आणून, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असे म्हणा, "थांबा काकू, आधी विचारू या."